सापाला दूध, मेंढ्याला ७० लाख, कुत्र्याला पालखी: प्राण्यांच्या गोष्टींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडच्या शाळांत, वाचनालयांत, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत प्राण्यांवर बोलायला गेलं की विषय कुठलाही असो, शेवटी प्रश्न ठरलेलेच येतात. निम्मे मुलांचे, निम्मे मागच्या रांगेत बसलेल्या तात्या-आप्पांचे. त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. जिथे कागद आहे किंवा प्रयोग झालाय तिथे तसं सांगितलंय, आणि जी नुसती गोष्ट आहे तिला गोष्ट म्हटलंय. गोष्ट असणं हा काही गुन्हा नाही.

शाहू महाराजांनी कुत्र्याला खरंच जहागीर दिली होती का?

हो, आणि ही कट्ट्यावरची थाप नाही. ग्रँट डफने लिहून ठेवलंय. हा गृहस्थ १८१८ पासून काही वर्षं साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी होता. दरबारातले जुने कागद आणि जुनी माणसं, दोन्ही त्याच्या हाताशी होती. १८२६ मध्ये त्याने मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात थोरल्या शाहूंच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाच्या, लाडक्या कुत्र्याची हकीकत आहे. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याच्या नावाने सनद काढली, जहागीर लावून दिली आणि वर पालखीचा मान दिला. मान नुसता कागदावर राहिला नाही, पालखीचा सगळा लवाजमा खरोखर ठेवलेला होता.

पुढचा प्रसंग त्याहून भारी आहे. दोन बडे मराठे सरदार भेटीला यायचे होते. महाराजांनी भरदरबारात कुत्र्याला जरीचा पोशाख चढवला, दागिन्यांनी मढवलं आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी स्वतः डोक्यावर कधी काही घातलं नाही, असं डफ सांगतो. त्याने हे सगळं राजाच्या लहरीपणाच्या खात्यात टाकलंय. मला ते पटत नाही. कारभार पेशव्यांच्या हातात गेलेला, सरदार येतात ते मुजऱ्याचा उपचार उरकायला. अशा वेळी राजा आपली पगडी कुत्र्याला घालतो, यात मला वेडापेक्षा टोमणा जास्त दिसतो. अर्थात हे माझं मत, डफचं नव्हे.

कुत्र्याचं नाव लोकांच्या तोंडी खंड्या असं आहे. साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत, तिथेच त्याचीही समाधी दाखवतात. देवळं बघायला जाल तेव्हा विचारा, कुणीही सांगेल.

म्हणजे रायगडावरचा वाघ्या तो हाच का?

नाही. वाघ्याची गोष्ट वेगळी, काळ वेगळा, राजा वेगळा. तिच्यावरून मोठा वाद चालू आहे आणि तो या पानावर नको.

तानाजी मालुसऱ्यांनी घोरपड लावून कोंढाणा सर केला, हे शक्य आहे का?

हा प्रश्न जावळीत विचारला गेला की उत्तर देणाऱ्याने आधी खुर्ची नीट पाहून ठेवावी. तानाजींना ती माणसं आपल्या घरचं मानतात.

आधी कागद पाहू. कोंढाण्याची लढाई ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची. सभासदाची बखर त्यानंतर साधारण पंचवीस-सत्तावीस वर्षांनी लिहिलेली. तिच्यात मावळे वानरासारखे कडा चढून गेले असं आहे. घोरपडीचा पत्ता नाही. ‘यशवंती’ घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. ती आधी चढायला तयार होत नाही, तानाजी चिडतात, मग ती चढते, हे सगळं तिकडचं. पोवाडा डफ-तुणतुण्यावर ऐकायचा असतो, त्यामुळे तिथे घोरपड हवीच.

आता प्राणी पाहू. घोरपडीची नखं वाकडी आणि दणकट असतात. दगडाच्या फटीत शिरून अंग फुगवून बसली की दोन माणसांनी शेपूट धरून ओढली तरी निघत नाही. लोकांनी तिच्या पकडीची गोष्ट केली ती या गुणामुळेच. पण शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत वाढणाऱ्या या प्राण्याचं वजन काही किलोच भरतं. दोराला लटकलेल्या मावळ्याचा भार ती पेलेल, हे गणित जमत नाही. शिवाय एक गोष्ट सहसा कुणी विचारात घेत नाही. घोरपड दिवसा हिंडते. तिचं रक्त उन्हाने तापतं तेव्हा तिला हालचाल सुचते. माघाच्या थंडीत, रात्री, तिला कड्याला लावली तर ती पहिली फट बघून झोपेल.

म्हणजे माणसं स्वतःच्या हातापायांनी चढली. यात तानाजींचा मान कुठे कमी झाला ते मला कळलेलं नाही. उलट वाढला.

जाता जाता आणखी एक. ‘हत्ता जोडी’ नावाची हात जोडल्यासारखी दिसणारी मुळी पूजेसाठी विकतात, घरात पैसा येतो म्हणून. तपासणीत निघालं की त्यातल्या बऱ्याच ‘मुळ्या’ म्हणजे वाळवलेलं नर घोरपडीचं जननेंद्रिय होतं. कुणाच्या देव्हाऱ्यात असेल तर त्यांना ही माहिती हळूच द्या. बाळगणं गुन्हाही आहे.

नाग दूध पितो का? शिराळ्यात तर पाजायचे.

साप सस्तन प्राणी नाही. दूध हा त्याचा आहार नाही आणि ते पचवायची सोयही त्याच्यात नाही. गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्याशिवाय ठेवतात, मग तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते ओढतो. आपण म्हणतो, बघा प्याला.

शिराळ्याची गोष्ट मात्र गारुड्यांच्या पंक्तीला बसवू नये. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी गोरखनाथांच्या काळापासूनची असं तिथे मानतात. नाथ भिक्षेला आले, घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, आणि नाथांनी जिवंत नागाची पूजा करायला सांगितलं, अशी आख्यायिका. गावातली पोरं पंचमीच्या आधी रानातून नाग आणत, गाडग्यात ठेवत, पूजा-मिरवणूक झाली की परत सोडत. आम्ही नागाला जीव लावतो, हे शिराळकरांचं म्हणणं आणि त्यात तथ्य आहे. तिथली शाळकरी पोरं नागाची चाल ज्या बारकाईने ओळखतात तेवढी पुस्तक वाचून येत नाही. पण गाडग्यात कोंबलेल्या, ढोल-ताशात फिरवलेल्या नागाला त्या प्रेमाचा उपयोग नाही, हेही तितकंच खरं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग फक्त अभ्यास आणि प्रबोधनासाठी पकडायला परवानगी दिली, अटी घालून. मिरवणूक त्यात बसत नाही.

मग पुंगीवर डोलतो तो कसा?

तो पुंगीच्या हालचालीवर डोलतो. गारुडी पुंगी डावी-उजवीकडे फिरवतो आणि नाग त्या हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून फणा वळवतो. कशाला, तर वेळ आली की फटका मारायला. गाण्याचा आनंद वगैरे काही नाही.

‘सापाला कान नसतात म्हणून तो ठार बहिरा’ हेही मात्र अर्धवट आहे. बाहेरचा कान आणि पडदा नाही, पण आतला कान आहे आणि तो जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. जमिनीची थरथर त्याला चांगली कळते, आणि हवेतून येणारे खर्जातले आवाजही त्याला जाणवतात हे अलीकडच्या प्रयोगांत दिसलंय. रानातून जाताना पाय आपटत, काठी टेकत जा असं आजी सांगायची, ते बरोबर होतं.

मांडुळाला दोन तोंडं असतात ना? आमच्या पाव्हण्यानं बघितलंय.

पाव्हण्याने शेपूट बघितलं. मांडूळ हातात घेऊन पाहिलेलं असेल तर फसगत कशी होते ते लगेच कळतं. अंग बोटभर-मनगटभर जाडीचं, तपकिरी, गुळगुळीत. एक टोक थोडं चपटं, पुढच्या कडेला माती खोदायला पाचरीसारखं. दुसरं टोक बोथट, गोल, बोटाच्या पेराएवढं. नीट न्याहाळलं की चपट्या टोकाला मोहरीएवढे डोळे दिसतात, बोथट टोकाला काही नाही. त्याला छेडलं की डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट वर उचलून हलवतो. शत्रूने चावा घ्यायचाच तर तिकडे घ्यावा, एवढाच हेतू. सहा महिने या तोंडाने चालतो आणि सहा महिने त्या तोंडाने, ही गोष्ट इथून निघाली.

खरे दोन डोक्यांचे साप क्वचित जन्मतात. अंड्यात जुळं पूर्ण वेगळं झालं नाही की तसं होतं. त्यांची दोन्ही डोकी आपापल्या मनाने चालतात, एक डावीकडे ओढतं, दुसरं उजवीकडे. रानात अशी पिल्लं फार टिकत नाहीत.

मांडूळ बिनविषारी, उंदीर खाणारा, शेतकऱ्याच्या कामाचा. गुप्तधन शोधून देतो, औषधाला लागतो, अमक्या वजनाचा असेल तर लाखांत जातो, असल्या बाता मारून टोळ्या त्याची तस्करी करतात. आपल्याच भागात मांडूळ विकायला निघालेली माणसं पकडल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात. घेणारा कोण, त्याने पुढे काय केलं, हे कुणाला सांगता येत नाही. एवढ्यावरून काय ते ओळखा.

नंदीबैलाला पावसाचं कसं कळतं?

गुबुगुबु वाजतं, नंदीवाला विचारतो, ‘पाऊस पडंल का रं?’ आणि बैल मान डोलावतो. पोरं खूश, आज्या खूश, सुपातून जोंधळे येतात.

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर बर्लिनमध्ये मिळालं. तिथे विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारा, वार विचारा, अपूर्णांक विचारा, हान्स खूर आपटून बरोबर आकडा सांगायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दोन साध्या गोष्टी केल्या. एक, ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावलं. दोन, घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा हान्सची हुशारी संपली. तो आकडे मोजतच नव्हता, माणसाकडे बघत होता. बरोबर आकडा जवळ आला की विचारणारा नकळत ताठायचा, तो आला की डोकं किंचित हलवायचा, आणि घोडा थांबायचा. १९०७ मध्ये हे छापून आलं. फॉन ओस्टेनला शेवटपर्यंत पटलं नाही, कारण त्याने खरंच काही फसवलं नव्हतं.

आमचा नंदीवाला त्या मानाने प्रामाणिक. बैल आपणच शिकवलाय, ढोलाच्या लयीवर आणि दोरीच्या हिसक्यावर तो मान हलवतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मला विचाराल तर या गोष्टीत थक्क करणारा हान्सच. गणित न येणारा घोडा ठीक आहे, पण भरल्या अंगणात एका माणसाच्या मानेची केसभर हालचाल टिपणारा घोडा? समितीतल्या एकालाही ती दिसली नव्हती.

हे प्रकरण जुनं झालेलं नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात अमली पदार्थ आणि स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांची चाचणी घेतली. हाताळणाऱ्यांना सांगितलं होतं की अमुक जागी वास लपवलाय. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. कुत्र्यांनी तरीही खुणा केल्या, आणि त्या जास्त करून जिथे माणसाला वाटत होतं तिथे.

फुटबॉलचे निकाल सांगणारा तो ऑक्टोपस?

पॉल. जर्मनीत ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात होता. दोन डब्यांवर दोन संघांचे झेंडे, आत खाऊ. ज्या डब्यातलं खाईल तो संघ जिंकणार. २०१० च्या विश्वचषकात आठपैकी आठ बरोबर आले. नाणं उडवून सलग आठ वेळा बरोबर यायची शक्यता २५६ मध्ये १. ऐकायला फार कमी वाटते, पण त्या उन्हाळ्यात जगभर किती प्राणी भविष्य सांगायला बसवले होते ते मोजा. जे चुकले त्यांची बातमी झाली नाही. पॉलचेच २००८ च्या युरो स्पर्धेत सहापैकी दोन अंदाज चुकले होते. सिंगापूरचा मणी नावाचा ज्योतिषी पोपट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जोरात होता, अंतिम सामन्यात मात्र त्याने नेदरलँड्सची चिठ्ठी उचलली. जिंकलं स्पेन. मणीचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

पॉल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं, हे मुलांना फुटबॉलपेक्षा जास्त आवडतं.

आटपाडीच्या मेंढ्याला खरंच ७० लाख मिळत होते?

मागणी झाली होती, हे २०२० च्या डिसेंबरात सगळ्या पेपरांत आलं. माडग्याळी जातीचा मेंढा, नाव सर्जा. मालकाने ७० लाखांना नकार दिला आणि दीड कोटी सांगितले. खरं तर त्याला विकायचाच नव्हता.

माडग्याळ जत तालुक्यातलं गाव. तिथली मेंढी लांबूनच ओळखू येते. उंच, लांब मानेची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, आणि नाक पोपटासारखं बाकदार. ते नाक जेवढं वळलेलं तेवढा भाव चढा. वाढ चांगली म्हणून मटणाला ही जात चांगलीच, पण एवढी किंमत मटणाची नसते, नराच्या वंशाची आणि मालकाच्या नादाची असते.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं वाटत असेल तर त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली स्कॉटलंडची बातमी ऐका. डबल डायमंड नावाचा टेक्सेल जातीचा मेंढा लिलावात ३,६७,५०० पौंडांना गेला, म्हणजे साडेतीन कोटी रुपयांच्या घरात. आटपाडीच्या बाजारात हे सांगितलं तर लोक आधी नाक कसं होतं ते विचारतील.

पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो का?

नाही. चाळकेवाडीला पवनचक्क्या आल्या तेव्हापासून हा आरोप चालू आहे आणि त्याला आधार नाही. पण पवनचक्क्यांनी त्या पठारावर एक वेगळीच गंमत केलीय, ती फार लोकांना माहीत नाही.

ठोसेघरच्या पुढे चढून गेलं की जांभ्याचा सडा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे दगडांवर सरडे दिसतात. अंगाने मातकट, काही विशेष नाही. मग एखादा नर उंचशा दगडावर चढतो, पुढच्या पायांवर अंग उचलतो आणि गळ्याखालचा पडदा फटकन उघडतो. निळा, काळा, केशरी. क्षणात मिटतो, मान वळवून बघतो, पुन्हा उघडतो. समोर मादी असते किंवा दुसरा नर. याला विज्ञानात ‘सारडा सुपर्बा’ म्हणतात. २०१६ मध्ये साताऱ्याच्या या पठारावरूनच त्याचं वर्णन झालं. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्याला दगड मारत आलो तो शास्त्राला नवा होता.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्यासोबत अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी इथे पाहणी केली. पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग, दोन्हीकडे काय दिसतं? पाती फिरतात तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. जास्त झाल्यामुळे खाण्यासाठी चढाओढ, म्हणून ते रोडावलेले. त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, कारण वरून झडप घालणारं कुणी नाही. माणूस अगदी जवळ गेला तरी ते पळत नाहीत. आणि ज्या गळ्याच्या रंगाचं मी आत्ता कौतुक केलं तो रंगही तिथे फिका. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याची चर्चा झाली, कारण पवनचक्क्या अन्नसाखळीच्या वरच्या टोकाच्या शिकाऱ्यासारखं काम करतात हे इतकं स्वच्छ आधी दाखवलं गेलं नव्हतं.

मला यातलं आवडतं ते हे, की सरड्याने पवनचक्कीकडे पाहिलेलंसुद्धा नाही. त्याच्या लेखी आकाश रिकामं झालं, बास.

आपल्या भागाच्या नावाचा एखादा प्राणी आहे का?

आहे. कोयना भेक, बेडकाचाच एक प्रकार. कोयनेजवळच्या हुंबरळीतून १९६३ मध्ये त्याची नोंद झाली. अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळे-तांबूस डाग. उत्तर सह्याद्रीतल्या थोड्याशा जागा सोडल्या तर जगात कुठेही नाही.

भूकंपाच्या आधी प्राण्यांना कळतं का?

पाटणकडे हा प्रश्न हटकून येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप पाहिलेली माणसं तिथे अजून आहेत आणि बहुतेकांकडे गोठ्यातल्या जनावरांची एखादी आठवण असते.

काही सेकंद आधी कळू शकतं. भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगवान आणि हलक्या असतात, पडझड करणाऱ्या त्यांच्या मागून येतात. माणसाला पहिली लहर बहुधा जाणवत नाही, दावणीच्या बैलाला जाणवू शकते.

दिवसेंदिवस आधी कळतं का, हे अवघड आहे. इटलीत २००९ च्या ला’क्विलाच्या भूकंपाआधी एका तळ्यावर भेकांचा अभ्यास चालू होता. भूकंपाच्या पाच दिवस आधी ९६ टक्के नर तळं सोडून गेले, तेही विणीच्या ऐन हंगामात आणि केंद्रापासून ७४ किलोमीटरवर. चीनमध्ये हायचेंगला १९७५ च्या हिवाळ्यात साप बिळांबाहेर येऊन गारठून मेले. तिथे छोटे धक्केही बसत होते, म्हणून शहर रिकामं केलं आणि खरंच भूकंप झाला. पुढच्याच वर्षी तांगशानला कसलाही इशारा मिळाला नाही आणि २ लाखांहून जास्त माणसं गेली. शिवाय आपल्याला कुत्रं का भुंकलं ते भूकंप झाल्यावरच आठवतं. ज्या रात्री कुत्रं भुंकलं आणि काहीच झालं नाही, त्या रात्रीची नोंद कोण ठेवतं?

पुरात घराच्या छतावर बसलेली मगर सांगलीची का?

२०१९ च्या महापुरातला तो व्हिडिओ बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला. नदी तीच, त्यामुळे सांगलीकरांनी आपलीच म्हणून फिरवली. भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेतच, त्यासाठी व्हिडिओ उसना आणायची गरज नव्हती.

मगर रडते का, हेही इथेच विचारतात. फ्लोरिडात मगरीच्या नात्यातल्या केमन आणि ॲलिगेटर यांना जमिनीवर खाताना चित्रित केलं तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांत पाणी आणि फेस आला. खाताना जोरात हवा बाहेर टाकतात, तिने अश्रुग्रंथी दाबल्या जात असाव्यात. दुःखाचा संबंध नाही.

मगरीचा खरा बेरकीपणा वेगळ्याच ठिकाणी दिसला. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात एक मगर तोंडावर काटक्या ठेवून पाण्यात निपचित पडलेली दिसली. बगळे घरट्यासाठी काटक्या शोधत असतात. काटकी उचलायला आला की संपला. अमेरिकेतले ॲलिगेटरही हेच करतात, आणि पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत जास्त. २०१३ मध्ये हे नोंदवलं गेलं. औदुंबरच्या घाटावर पाण्यात काटक्या तरंगताना दिसल्या तर घाबरू नका. पण हातही घालू नका.

मुंडकं तोडलेला कोंबडा दीड वर्ष जगला, ही थाप ना?

थाप नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फ्रुइटा गावचा माइक. सप्टेंबर १९४५ मध्ये कुऱ्हाड जरा वर बसली. मेंदूचा खालचा भाग आणि एक कान राहिला, रक्ताची गुठळी होऊन रक्तस्राव थांबला. श्वास, तोल, चालणं हे सगळं त्या खालच्या भागाकडे असतं. मालकाने ड्रॉपरने अन्ननलिकेत दूध-पाणी घातलं, गावोगाव खेळ केले. माइक मार्च १९४७ मध्ये गेला.

कोंबड्यांचा विषय निघालाच तर कडकनाथ. त्याची कातडी, मांस, हाडं काळी असतात ती रंगद्रव्याच्या एका जनुकीय बदलामुळे. तोच बदल चीन आणि इंडोनेशियातल्या काळ्या कोंबड्यांत आहे. रक्त लालच असतं. अंडी काळी नसतात, फिक्या तपकिरी रंगाची असतात. काळ्या अंड्यांचे फोटो दाखवून कुणी काही विकत असेल तर उठून घरी जा. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या किती शेतकऱ्यांचे पैसे कडकनाथच्या नावावर बुडाले ते वेगळं सांगायला नको.

बैल लाल रंगाला भडकतो? लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते? मायणीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) गुलाबी कसे?

बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. तो हलत्या कापडावर धावतो. शर्यतीच्या खिलाराला तुम्ही हिरवा फेटा बांधून आलात तरी तेवढाच धोका.

मोर बाकी पक्ष्यांसारखाच जोडा लावतो. २०१७ मध्ये राजस्थानात एका न्यायमूर्तींनी मोर ब्रह्मचारी असतो असं पत्रकारांना सांगितलं आणि देश आठवडाभर हसला. पण ही समजूत आपल्याकडच्या कितीतरी घरांत तशीच आहे, त्यामुळे फार हसू नये.

रोहित पक्षी गुलाबी होतो तो शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतल्या रंगद्रव्याने. पिल्लू करडं असतं.

अंतराळात गेलेली लायका परत आली का?

नाही, आणि परत आणायची सोय त्या यानात ठेवलेलीच नव्हती. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मधून गेली. ती कित्येक दिवस जिवंत होती असं जगाला सांगितलं गेलं. यान तापून ती काही तासांतच मेली, हे बाहेर यायला २००२ साल उजाडलं. बेल्का आणि स्ट्रेल्का या दोघी १९६० मध्ये जाऊन सुखरूप परत आल्या. स्ट्रेल्काचं एक पिल्लू पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी भेट गेलं. मुलं हे ऐकून सावरतात. मोठी माणसं सावरत नाहीत, असा अनुभव आहे.

असल्या गोष्टींवर शास्त्रज्ञ खरंच वेळ घालवतात?

घालवतात, आणि त्यासाठी अमेरिकेत इग नोबेल नावाचं बक्षीस आहे. आधी हसू यावं, मग विचार करावा लागावा, अशा संशोधनाला देतात. २००० साली आंद्रे गाइम यांना चुंबकाच्या जोरावर बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल मिळालं. त्याच गाइमना २०१० मध्ये खरं नोबेल मिळालं, ग्राफीनसाठी.

आपल्याकडच्या दूधवाल्यांना ऐकवावी अशी त्यातली दोन-तीन आहेत. २००९ चं बक्षीस न्यूकॅसल विद्यापीठाला. ज्या गोठ्यांत गाईला नावाने हाक मारतात तिथे गाय वर्षाला सरासरी २५८ लिटर दूध जास्त देते. नावाने दूध वाढत नाही हे उघड आहे. नाव ठेवणारा माणूस गाईकडे लक्ष देतो, न बुजलेली गाय पान्हा सोडते. कपिला, गौरी, चंद्री अशा हाका मारणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगितलं की त्या माझ्याकडे अशा बघतात, जणू मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून सांगायला आलोय.

२०२५ चं बक्षीस जपानमध्ये गेलं. काळ्या गाईंना पांढरे पट्टे रंगवून झेब्रा केलं आणि चावऱ्या माश्या जवळपास निम्म्या झाल्या. पट्ट्यांवर माशीला नीट बसता येत नाही. बैलपोळ्याला शिंगं रंगवतो तसे अंगावर पट्टे ओढून बघायला हरकत नाही, रंग मात्र त्वचेला चालणारा घ्या.

आणि २०१३ चं, माझं सगळ्यात आवडतं. गाईंच्या पायाला यंत्रं बांधून त्या कधी बसतात, कधी उठतात याची नोंद घेतली. गाय जितका जास्त वेळ बसलेली असेल तितकी ती लवकर उठण्याची शक्यता जास्त. एकदा उठली की पुन्हा कधी बसेल ते मात्र सांगता येत नाही. हे कवठेमहांकाळला सांगितलं तेव्हा मागून एक आप्पा म्हणाले, ‘एवढ्यासाठी यंत्र बांधलं व्हय? आमास्नी बोलवायचं की.’